न्यायाधीशांचा पगार आणि ऑल इंडिया जजेस असोसिएशनची लढाई : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जिल्हा आणि तालुका न्यायालयांतल्या न्यायाधीशांचे वेतन, भत्ते आणि पेन्शन यांबाबत ऑल इंडिया जजेस असोसिएशनच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 2022 ते 2024 या काळात एकापाठोपाठ एक आदेश दिले. तेव्हापासून बाररूममध्ये एक वाक्य हटकून ऐकू येते : “जजसाहेबांनी आपलाच पगार वाढवून घेतला.” या वाक्यात तथ्य किती आणि टोमणा किती, ते कळायला या प्रकरणाचा तीस-पस्तीस वर्षांचा प्रवास ठाऊक असावा लागतो. वकील, न्यायालयीन कर्मचारी, न्यायाधीश-परीक्षेची तयारी करणारी मुले आणि पक्षकार नेहमी जे प्रश्न विचारतात, ते इथे घेतले आहेत.

ही असोसिएशन नेमकी कोणाची?

जिल्हा न्यायव्यवस्थेतल्या न्यायिक अधिकाऱ्यांची. महाराष्ट्रातल्या पदांच्या भाषेत सांगायचे तर दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर (हेच बहुधा प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारीही असतात), दिवाणी न्यायाधीश वरिष्ठ स्तर आणि जिल्हा न्यायाधीश, या तीन पायऱ्यांवरच्या लोकांची. बार असोसिएशन आणि बार कौन्सिल वकिलांच्या संस्था आहेत, त्यांचा इथे संबंध नाही. उच्च आणि सर्वोच्च न्यायालयांचे न्यायमूर्तीही या संघटनेत येत नाहीत. राज्यांच्या पातळीवर न्यायाधीशांच्या वेगळ्या संघटना आहेत, तशी महाराष्ट्रातही आहे.

न्यायाधीशांनी संघटना काढायची, म्हणजे उद्या संपही करणार का?

नाही. ही संघटना कोर्टात का गेली याचे उत्तर इथेच सापडते. तलाठी, शिक्षक किंवा एसटीचे कर्मचारी मोर्चा काढू शकतात, आमदारांना निवेदन देऊ शकतात, पत्रकार परिषद घेऊ शकतात. न्यायाधीशाला यातले काहीच शोभत नाही. ज्या आमदाराला निवेदन द्यायचे, त्याच्याच जमिनीचा दावा उद्या समोर येऊ शकतो. मंत्र्याच्या केबिनबाहेर बाकावर बसलेला न्यायाधीश कोणाला पाहवेल? राहिला एकच रस्ता : संघटनेच्या नावाने, राज्यघटनेच्या अनुच्छेद 32 खाली, थेट सर्वोच्च न्यायालय.

खटला सुरू कसा झाला?

1989 साली दाखल झालेल्या रिट याचिकेने. त्या वेळी प्रत्येक राज्याचा कारभार निराळा होता. कुठे कनिष्ठ न्यायाधीशाला मुन्सिफ म्हणत, कुठे आणखी काही. वेतनश्रेणी, निवृत्तीचे वय, घर, गाडी, कशातच मेळ नव्हता.

13 नोव्हेंबर 1991 रोजी पहिला मोठा निकाल आला. देशभर पदनामे सारखी करा, निवृत्तीचे वय 60 करा, सरकारी निवासस्थान द्या, घरी काम करता यावे म्हणून कायद्याची पुस्तके द्या, सेवेत असताना प्रशिक्षण मिळेल अशा संस्था उभारा. वाहनांपर्यंत तपशील होता : जिल्हा न्यायाधीशांना सरकारी गाडी, इतरांसाठी पाच-पाच जणांत एक सामाईक गाडी, आणि ज्यांना तीही नाही त्यांना दुचाकीसाठी कर्ज. आज हे वाचून कोणाला हसू येईल. पण बसथांब्यावर न्यायाधीश उभा, शेजारी जामिनावर सुटलेला आरोपी आणि त्याचे नातेवाईक, हे दृश्य तेव्हा तालुक्याच्या गावात काही दुर्मिळ नव्हते.

सरकारने हे मान्य केले?

केंद्र आणि राज्ये पुनर्विलोकन याचिका (दिलेला निकाल पुन्हा तपासा, अशी विनंती) घेऊन परत आली. म्हणणे असे की सेवाशर्ती ठरवणे कार्यपालिका आणि विधिमंडळाचे काम, न्यायालयाने त्यात पडू नये. शिवाय न्यायाधीशांना दिले तर बाकीचे कर्मचारीही तेच मागतील.

24 ऑगस्ट 1993 रोजी त्यावर जो निकाल आला, तो या साऱ्या प्रकरणाचा कणा आहे. लिहिला होता न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी. न्यायसेवा ही नोकरी या अर्थाने ‘सेवा’ नाही, न्यायाधीश हे कर्मचारी नाहीत, राज्याची सार्वभौम न्यायिक सत्ता ते वापरतात, अशी त्याची मांडणी. तुलना करायचीच तर मंत्री आणि विधिमंडळ सदस्यांशी करा, सचिवालयातल्या अधिकाऱ्यांशी नको. मंत्र्यांच्या हाताखालचे प्रशासन ज्या पातळीवर आहे, त्या पातळीवर न्यायाधीशाला नेऊन बसवता येत नाही.

याच निकालात न्यायाधीशांसाठी स्वतंत्र वेतन आयोग हवा, असे म्हटले गेले. आणि निवृत्तीचे वय 60 ठेवताना एक पाचरही मारली : 58 व्या वर्षी उच्च न्यायालयाने प्रत्येकाचे काम तपासायचे, उपयुक्त ठरेल त्यालाच पुढची दोन वर्षे. संघटनेच्या बाजूचे लोक हा भाग सहसा सांगत नाहीत.

मग पगार ठरवतो कोण?

कागदोपत्री राज्य सरकार. उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींचे वेतन संसद कायद्याने ठरवते आणि ते राज्याच्या एकत्रित निधीवर भारित असते, म्हणजे त्यावर विधानसभेत मतदान होत नाही. जिल्हा न्यायाधीशाला हे कवच नाही. त्याचे वेतन राज्याच्या अर्थसंकल्पातल्या मागण्यांतून, विधी व न्याय विभागामार्फत येते. त्याच्यावर नियंत्रण मात्र अनुच्छेद 235 नुसार उच्च न्यायालयाचे. बदली, बढती, शिस्त एका दारात आणि पैसा दुसऱ्या दारात, अशी ही व्यवस्था आहे.

प्रत्यक्षात गेल्या तीन दशकांत आकडे ठरले ते तीन टप्प्यांत. पहिला, न्यायमूर्ती के. जगन्नाथ शेट्टी यांचा पहिला राष्ट्रीय न्यायिक वेतन आयोग : नेमणूक मार्च 1996, अहवाल नोव्हेंबर 1999, सर्वोच्च न्यायालयाची मान्यता 21 मार्च 2002, लागू 1 जुलै 1996 पासून. दुसरा, 2009 ची न्यायमूर्ती ई. पद्मनाभन यांची एकसदस्य समिती, लागू 1 जानेवारी 2006 पासून. तिसरा, न्यायमूर्ती पी. वेंकटराम रेड्डी यांचा दुसरा राष्ट्रीय न्यायिक वेतन आयोग. संघटनेने 2015 साली नवी याचिका केली, मे 2017 मध्ये आयोगाचा आदेश झाला, 2020 च्या सुरुवातीला अहवाल आला, आणि वेतन लागू धरले 1 जानेवारी 2016 पासून.

आज पगार किती आहे?

मूळ वेतन असे : दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर 77,840 रुपयांपासून, वरिष्ठ स्तर 1,11,000 पासून, जिल्हा न्यायाधीश 1,44,840 पासून. त्यावर महागाई भत्ता आणि इतर भत्ते वेगळे. सर्वांत वरच्या श्रेणीची कमाल मर्यादा 2,24,100.

हा शेवटचा आकडा मुद्दाम पाहावा. उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींचे वेतन 2,25,000, त्याच्या जेमतेम खाली तो थांबतो. सगळे गणितच तिथून आले आहे. न्यायमूर्तींचे वेतन 80,000 वरून 2,25,000 झाले, म्हणजे सुमारे 2.81 पट. आयोगाने तोच गुणक खाली लावला. पद्मनाभन समितीच्या काळचे कनिष्ठ स्तराचे सुरुवातीचे 27,700 घ्या, 2.81 ने गुणा, 77,837 येतात, ते वर पूर्णांकात नेले की 77,840. हवेतून काढलेला आकडा नाही.

म्हणजे नवा न्यायाधीश नव्या उपजिल्हाधिकाऱ्यापेक्षा जास्त पगार घेतो?

सुरुवातीला, हो. उपजिल्हाधिकारी काय किंवा भारतीय प्रशासकीय सेवेतला नवा अधिकारी काय, मूळ वेतन 56,100 पासून सुरू होते. महसूलवाल्यांचा राग इथेच असतो. पण न्यायसेवेत पायऱ्या तीनच, आणि कनिष्ठ स्तरावर लागलेल्याला जिल्हा न्यायाधीश व्हायला बरीच वर्षे लागतात. तिकडे सनदी अधिकारी सचिव झाला की 2,25,000 वर पोहोचतो, जिथे जिल्हा न्यायाधीश त्या पदावर असेपर्यंत कधीच पोहोचत नाही. आणि न्यायालयाचे म्हणणे तर ही तुलनाच चुकीची आहे. जानेवारी 2024 च्या निकालातही ते पुन्हा बजावून सांगितले आहे.

न्यायाधीशांच्या पगाराचा निकाल न्यायाधीशांनीच द्यायचा, हे कितपत योग्य?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि रास्त प्रश्न. आपल्याच प्रकरणात आपणच न्यायाधीश होऊ नये, हे कायद्याच्या पहिल्या वर्षाला शिकवतात.

संघटनेच्या बाजूने तीन गोष्टी सांगता येतात. पहिली : सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींचा स्वतःचा पगार या खटल्यात नव्हताच. तो संसद ठरवते. या आदेशांमुळे त्यांच्या खिशात एक रुपया वाढला नाही. दुसरी : न्यायालयाने आकडे स्वतः ठरवले नाहीत. आयोग नेमला, राज्यांकडून म्हणणे मागवले, न्यायमित्र (न्यायालयाला मदत करायला नेमलेले वकील) म्हणून के. परमेश्वर यांनी प्रत्येक शिफारशीवर टिपण दिले. आणि मागितले ते सगळे दिलेही नाही. 2002 साली शेट्टी आयोगाने निवृत्तीचे वय 62 सुचवले होते. उच्च न्यायालयाचे न्यायमूर्तीच 62 व्या वर्षी निवृत्त होतात, म्हणून ते नाकारले गेले. निम्मा खर्च केंद्राने उचलावा ही शिफारसही तेव्हा फेटाळली गेली.

तिसरी गोष्ट मला स्वतःला सर्वांत वजनदार वाटते. जिल्हा न्यायालयात सर्वांत मोठा पक्षकार सरकारच असते. भूसंपादनाचा वाढीव मोबदला असो, फौजदारी खटला असो, नगरपालिकेविरुद्धचा मनाई हुकूम असो, एका बाजूला सरकार किंवा त्याचेच एखादे अंग उभे असते. त्या न्यायाधीशाच्या पगाराची फाईल सरकारच्या मर्जीवर ठेवायची, तर दबाव आणण्यासाठी कोणाला फोनही करावा लागत नाही. फाईल नुसती पडू दिली की पुरे.

तरीही दुसरी बाजू पोकळ नाही. कोणत्या खात्याला किती पैसे द्यायचे, हे लोकांनी निवडून दिलेल्या सभागृहाने ठरवायचे असते. तारीख घालून, अवमानाची ताकीद देऊन कोट्यवधींची थकबाकी वसूल करून घेणे हा अर्थसंकल्पाचा रस्ता नव्हे. आणि उच्च न्यायालयांतले काही न्यायमूर्ती जिल्हा न्यायव्यवस्थेतूनच वर आलेले असतात, त्यामुळे ‘आमचा काहीच संबंध नाही’ हे शंभर टक्के खरे नाही. माझ्या मते दोष निकालाचा नाही, पोकळीचा आहे. केंद्रीय कर्मचाऱ्यांचा वेतन आयोग दर दहा वर्षांनी, कोणी खटला न लावता येतो. न्यायाधीशांचा आयोग दर वेळी याचिका करून मागावा लागला. ही पोकळी सरकारने भरली असती तर न्यायालयाला तिथे शिरायला जागाच उरली नसती.

राज्यांचा विरोध नेमका कशाला होता?

पैशाला. नवी वेतनश्रेणी 2016 पासून लागू, पण आदेश 2022 मध्ये, म्हणजे साडेसहा वर्षांचा फरक एकदम द्यायचा. 27 जुलै 2022 च्या आदेशाने हप्ते पाडून दिले : एक चतुर्थांश तीन महिन्यांत, आणखी एक चतुर्थांश पुढच्या तीन महिन्यांत, उरलेला निम्मा 30 जून 2023 पर्यंत. मधल्या काळासाठी 2018 मध्येच 30 टक्के अंतरिम वाढ मिळाली होती, ती यातून वजा. राज्यांच्या आणि केंद्राच्या पुनर्विलोकन याचिका 5 एप्रिल 2023 रोजी फेटाळल्या गेल्या. तिजोरीत पैसा नाही, इतर कर्मचारी असंतुष्ट होतील, हे मुद्दे 1993 सालचेच होते आणि उत्तरही तेच मिळाले.

त्यानंतरही चालढकल थांबली नाही. ऑगस्ट 2024 मध्ये डझनाहून अधिक राज्यांच्या मुख्य सचिवांना आणि वित्त सचिवांना दिल्लीत प्रत्यक्ष हजर राहायला सांगावे लागले. तारीख जवळ आली तशी बऱ्याच ठिकाणी फाईल हलली. कोर्टाच्या तारखेचा हा अनुभव पक्षकारांना नवा नाही.

भत्त्यांच्या निकालात काय काय आहे?

4 जानेवारी 2024 चा निकाल, तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाचा. घरभाडे, मुलांचे शिक्षण, वैद्यकीय खर्च, घरकामाच्या मदतनिसाचा भत्ता, दुसऱ्या न्यायालयाचा अतिरिक्त कार्यभार सांभाळण्याचा भत्ता, वर्तमानपत्रे, अशी लांब यादी आहे. काळ्या झग्यासाठी दर तीन वर्षांनी 12,000 रुपये, हेही त्यात आहे. इतर सेवांतल्या अधिकाऱ्यांना 2016 मध्येच मिळालेल्या गोष्टी न्यायाधीशांना आठ वर्षांनीही मिळालेल्या नाहीत, अशी नाराजी त्या निकालात उघडपणे व्यक्त झाली.

निवृत्त न्यायाधीशांना काय मिळाले?

19 मे 2023 च्या निकालाने पेन्शन आणि कुटुंब निवृत्तिवेतन नव्या वेतनश्रेणीला जोडले गेले. वयानुसार वाढणारी जादा पेन्शन 80 ऐवजी 75 व्या वर्षापासून सुरू झाली. काही निवृत्त जिल्हा न्यायाधीशांच्या हाती महिना 19-20 हजार रुपयेच पडतात, याकडे फेब्रुवारी 2024 मध्ये सरन्यायाधीशांनीच लक्ष वेधले होते. वकिलीतून थेट जिल्हा न्यायाधीश झालेल्यांची सेवा कमी भरते. आणि साठीनंतर पुन्हा वकिली सुरू करणे म्हणावे तितके सोपे नसते, अशिलांनी केव्हाच दुसरा वकील धरलेला असतो. 2004 नंतर सेवेत आलेल्यांना नवी अंशदायी (वर्गणीतून चालणारी) पेन्शन योजना लागू नको, अशी शिफारस आयोगाने केली होती. तो प्रश्न वेगळा काढला गेला.

पगार वाढला, मग आमचा दावा लवकर संपेल का?

पगाराने नाही. देशातल्या जिल्हा न्यायालयांत चार कोटींहून जास्त प्रकरणे पडून आहेत, आणि त्याचे पहिले कारण म्हणजे न्यायाधीशांची संख्या. हेही याच खटल्यात आले होते. 2002 च्या निकालात न्यायालयाने दहा लाख लोकांमागे 50 न्यायाधीश हे उद्दिष्ट पाच वर्षांत गाठायला सांगितले. विधी आयोगाने 1987 सालीच तो आकडा सुचवला होता. आज मंजूर पदे धरूनही प्रमाण 21 च्या आसपास आहे, आणि मंजूर पदांतलीही अनेक रिकामी. पगाराची लढाई संघटनेने जिंकली. पदसंख्येच्या आदेशाची अंमलबजावणी मात्र तितक्या नेटाने कोणी मागितलेली दिसत नाही. पक्षकाराच्या दृष्टीने हा भाग जास्त महत्त्वाचा होता.

तीन वर्षे वकिलीची अट याच खटल्यातून आली का?

हो. न्यायाधीश-परीक्षेला बसण्याआधी तीन वर्षे वकिली केलेली असावी, ही अट 1993 मध्ये घातली, 2002 मध्ये काढली (चांगले पदवीधर यावेत म्हणून), आणि 20 मे 2025 रोजी तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने परत घातली. आदेशाआधी सुरू झालेल्या भरतीला ती लागू नाही. लोकसेवा आयोगाची तयारी करणाऱ्या मुलांनी जाहिरातीतली अट शब्दशः वाचावी, क्लासवाल्यांच्या सांगण्यावर विसंबू नये.

नाझर, बेलीफ, लघुलेखक, शिरस्तेदार यांच्या पगाराचे काय?

शेट्टी आयोगाने न्यायालयीन कर्मचाऱ्यांसाठीही वेगळा अहवाल दिला होता, 2003 मध्ये. सर्वोच्च न्यायालयाने 7 ऑक्टोबर 2009 च्या आदेशाने तो 1 एप्रिल 2003 पासून लागू करायला सांगितले. न्यायाधीशांच्या संघटनेच्या खटल्यातून कर्मचाऱ्यांना मिळालेला हा मोठा लाभ.

दुसऱ्या आयोगाची कार्यकक्षा मात्र न्यायिक अधिकाऱ्यांपुरती होती. त्यामुळे ज्या न्यायालयात वर बसणाऱ्याचे वेतन 2.81 पटीने वाढले, तिथे खाली रोजनामा (खटल्याच्या रोजच्या कामाची नोंद) लिहिणाऱ्याचे वेतन राज्याच्या इतर कर्मचाऱ्यांबरोबरच चालले. समन्स घेऊन उन्हातान्हात वाडीवस्तीवर हिंडणारा बेलीफ आणि संध्याकाळी सातपर्यंत साक्ष टंकणारा लघुलेखक यांच्यावाचून न्यायाधीशाचा एक दिवस चालत नाही. त्यांच्यासाठी मात्र कोणी सर्वोच्च न्यायालयात तितक्याच ताकदीने उभे राहिले नाही.

माझी थकबाकी किंवा भत्ता अडला आहे. दाद कुठे मागायची?

प्रत्येकाने दिल्ली गाठू नये म्हणून जानेवारी 2024 च्या निकालाने प्रत्येक उच्च न्यायालयात जिल्हा न्यायव्यवस्थेच्या सेवाशर्तींसाठी एक समिती नेमायला लावली. तिच्यात उच्च न्यायालयाचे दोन न्यायमूर्ती, त्यांतले एक पूर्वी जिल्हा न्यायव्यवस्थेत काम केलेले, शिवाय विधी सचिव, उच्च न्यायालयाचे महाप्रबंधक (रजिस्ट्रार जनरल) आणि समन्वयासाठी एक निवृत्त न्यायिक अधिकारी. सेवेतले आणि निवृत्त, दोघांच्याही तक्रारी तिथे जातात. अर्जासोबत वेतननिश्चितीचा आदेश, मिळालेल्या हप्त्यांचा तपशील आणि कोशागाराचा आक्षेप असेल तर त्याची प्रत जोडावी. बहुतेक अडचणी तत्त्वाच्या नसतात, वेतननिश्चितीच्या तक्त्यातल्या असतात.

आठवा केंद्रीय वेतन आयोग आला की न्यायाधीशांचे वेतनही आपोआप वाढेल?

आपोआप नाही. त्या आयोगाच्या अध्यक्ष न्यायमूर्ती रंजना देसाई असल्या, तरी राज्यांच्या न्यायिक अधिकाऱ्यांची वेतनश्रेणी त्याच्या शिफारशींवर चालत नाही. महागाई भत्ता केंद्राच्या दराने मिळत राहील. मूळ वेतनाच्या पुढच्या फेरआढाव्यासाठी कायमची यंत्रणा सुचवण्याचे कामही रेड्डी आयोगाकडे दिलेले होते. तशी यंत्रणा खरोखर उभी राहून चालू लागत नाही, तोवर पुढचा फेरआढावाही बहुधा याचिकेच्या क्रमांकानेच सुरू होईल.